वहिनींनी बदललेली टाकी

वहिनींनी नवऱ्याच्या पाठीवर भलतीच टाकी चढवली आणि त्याला जन्माचा अंथरुणाला खिळवला, हे गोदीवर ज्याला त्याला ठाऊक होतं. नवा माणूस कामाला लागला की कुणीतरी त्याला बाजूला घेऊन हे सांगायचंच, आणि वर ‘सांभाळून राहा बाबा’ असंही म्हणायचं. ते खोटं होतं. पण खोटं आहे हे माहीत असलेली माणसं जगात तीनच: एक वहिनी, एक त्यांचा नवरा आणि तिसरा काटक्या.

दुकान दोरखंडवाल्याच्या भिंतीला भिंत लावून होतं. खाली एक लांबोडकी खोली. तिच्या एका टोकाला हवा भरायचा कॉम्प्रेसर, मध्ये टाक्या पाण्यात गार ठेवून भरायचा सिमेंटचा हौद, आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडी घोड्यांवर ओळीने निजवलेल्या, पाणबुडे पाठीवर बांधतात त्या हवेच्या टाक्या, सगळ्या पिवळ्या रंगाच्या. वर जायला शिडीसारखा उभा जिना आणि वर दोन खोल्या. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंतलेला दोर कापायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांच्या साखळ्या तपासायच्या, असली कामं वहिनींचा नवरा घ्यायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. हाताखाली पाच-सहा पाणबुडे होते. ते उस्तादांच्या बायकोला वहिनी म्हणत, म्हणून मग दोरखंडवालाही वहिनी म्हणू लागला, टाक्यांची चाचणी करणारा कारखानदारही, आणि लग्नाआधीचं त्यांचं नाव घेणारं कुणी उरलंच नाही.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा टाकी म्हणजे नळाच्या पाण्याची एवढंच त्यांना माहीत. कॉम्प्रेसरवर बसणारा म्हातारा एक दिवस न सांगता निघून गेला आणि उस्तादांनी जिन्यातून हाक मारली. नुसती बसून असतेस, त्यापेक्षा दाबाच्या काट्यावर नजर ठेव, म्हणाले. वहिनी स्टुलावर बसल्या त्या बसल्याच.

टाक्यांच्या जाती त्यांना हळूहळू कळत गेल्या. सगळ्या जुन्या, सगळ्या स्टीलच्या, पण त्यांतही प्रकार होते. काही उंच, सडपातळ, पातळ भिंतीच्या. त्यांच्यात फार दाबाने हवा भरायची नाही. त्या भरलेल्या असताना बुडत आणि संपत आल्या की पाण्यात ना धड वर ना धड खाली अशा लोंबकळत. काही बुटक्या, गुडघ्याएवढ्याच उंचीच्या, पण भिंत जाड आणि दाब सोसायची ताकद दांडगी. उंच टाकीइतकी हवा त्या बिनबोभाट पोटात घ्यायच्या. उस्तादांकडे बहुतेक या बुटक्याच होत्या. टाकीच्या खांद्यावर अक्षरं ठोकलेली असत: आत किती मावतं, दाब किती सोसते, कोणत्या साली तपासली. बूड अंड्यासारखं गोल, त्यामुळे रबरी बूट चढवल्याशिवाय ती उभी राहायची नाही.

भरलेल्या टाकीत अडीच किलो हवा असते हे वहिनींना आधी पटलंच नव्हतं. हवेला कसलं आलंय वजन, म्हणून त्यांनी एक टाकी भरायच्या आधी आणि नंतर वजनकाट्याच्या आकड्याला टांगून पाहिली होती. पाण्याखाली माणूस ती हवा ओढत जातो तसतशी पाठीवरची टाकी हलकी होत जाते. बुटक्या स्टीलच्या टाकीची खुबी ही की सगळी हवा संपली तरी ती पाण्यात किलोभर जडच राहते. हौदात सोडली की रिकामीसुद्धा तळाला जाऊन बसते. म्हणून उस्तादांची माणसं कमरेला शिशाचा पट्टा बांधत नसत. टाकीच त्यांचं शिसं.

या खुबीवरूनच ती थट्टा निघाली. वहिनींचं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं. दवाखान्यातून येऊन चार दिवस झाले असतील नसतील, त्या कठड्याला धरून जिना उतरत होत्या. अंगाने त्या पहिल्यापासूनच भरलेल्या. खाली उस्ताद नव्या माणसाला टाक्या समजावून सांगत होते. बाकीच्या टाक्या रिकाम्या झाल्या की वर येतात, पण ही जात वेगळी, असं म्हणता म्हणता त्यांची नजर जिन्याकडे गेली.

"ही रिकामी असली तरी बुडते," ते म्हणाले. "आमच्या घरातही एक आहे अशी."

क्षणभर कुणी हसलं नाही. मग वेल्डर फिस्सकन हसला. तो पाण्याखाली जोडकाम करायचा, आणि उस्तादांच्या पुढेपुढे करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो हसला म्हणून मग सगळेच हसले. वहिनी उरलेल्या पायऱ्या उतरल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला. त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

थट्टा तिथे संपली असती तरी चाललं असतं. पण ती टिकली. गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, खुद्द वहिनींच्या भावासमोर उस्तादांनी ती केली, आणि दर वेळी ती नवीनच असल्यासारखं त्यांना हसू यायचं. वेल्डर तर वहिनी हौदावर वाकल्या की त्यांच्या पाठीमागे पाय फाकवून, गाल फुगवून त्यांच्यासारखा चालून दाखवायचा. माणसं त्यांना आपसात ‘स्टील’ म्हणू लागली. बाहेरच्यांना वाटायचं, बाई कणखर आहे म्हणून कौतुकाने म्हणतात. वर्षं गेली. मूल झालं नाही ते नाहीच.

मग चाचणीच्या कारखान्यातून निरोप आला की निम्म्याहून जास्त टाक्या बाद झाल्या. टाकी पार निपटून रिकामी करून आणली की तोटीतून समुद्राचं पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की स्टील आतून सडतं. थोडी हवा शिल्लक ठेवून आणत जा, असं वहिनी घसा कोरडा पडेस्तोवर सांगत, पण त्यांचं सांगणं मनावर घ्यायची पद्धत त्या घरात नव्हती. आता आत दिवा सोडून पाहिलं तर देवीचे वण असावेत तसे गंजाचे खड्डे दिसत होते. कारखानदाराने त्या टाक्यांना भोकं पाडूनच परत पाठवलं.

उस्तादांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्रातून ॲल्युमिनियमच्या टाक्या उचलल्या. आणल्या तशा त्या पिवळ्या रंगवल्या आणि त्यांनाही रबरी बूट चढवले. लांबून पाहिलं तर नवी कुठली नि जुनी कुठली ते सांगता यायचं नाही. जवळून कळायचं. नवी टाकी वीतभर जास्त उंच आणि जराशी जाड होती आणि तिला पट्टा कमी पडायचा, एक भोक सैल करावा लागायचा.

वहिनींनी पहिल्याच दिवशी एक नवी टाकी रिकामीच हौदात सोडली. ती बूड वर करून उलटी तरंगायला लागली. त्यांनी तिला आकडे अडकवून, खाली शिशाचे तुकडे लावून पाहिलं. दोन किलोला थोडं कमी लावलं तेव्हा कुठे ती बुडाली. म्हणजे जुनी टाकी संपताना किलोभर खाली ओढणार आणि ही दोन किलो वर खेचणार. तीन किलोंचा फरक. त्यांनी हे रात्रीच्या जेवणात उस्तादांना सांगितलं. प्रत्येकाला तीन किलो शिसं द्या, म्हणाल्या.

उस्तादांनी खाली जाऊन एका हातात जुनी आणि एका हातात नवी अशा दोन टाक्या उचलल्या. नवी जड होती. खरंच होती, अर्धा-पाऊण किलोने.

"ही जड, आणि म्हणे ही तरंगते," ते म्हणाले. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

वहिनींनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. धातू मऊ, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. भिंत जाड म्हणून बाहेरून आकार मोठा. आकार मोठा म्हणून पाणी तिला जास्त ढकलतं. उस्ताद ऐकून घेऊन जांभई देत झोपायला गेले. खरं सांगायचं तर त्यांनाही हे माहीत असणार. इतकी वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं होत नाही. पण ते वहिनींच्या तोंडून आलं, आणि तिथेच ते खोटं ठरलं.

नंतरचं काम बंदराबाहेरच्या मोठ्या बोयाचं होतं. खोल पाणी, तळाशी साखळीची कडी बदलायची. अशा कामात माणूस तळाशी जितका जास्त वेळ राहील तितकं त्याला वर येताना मध्ये थांबत थांबत यावं लागतं. अंगात मुरलेला वायू हळूहळू निघून जाऊ द्यायचा असतो. एकदम वर आलं तर तो रक्तात फुटतो, सोड्याच्या बाटलीसारखा. त्या दिवशी राहिलेल्या चांगल्या स्टीलच्या टाक्या घेऊन बाकीचे दुसऱ्या जहाजावर गेले होते. दुकानात उस्ताद, वहिनी आणि काटक्या एवढेच. काटक्या हाडापेराने इतका बारीक होता की ओला सूट काढून दोरीवर टाकला तर तोच वाळत घातल्यासारखा वाटावा. तो नावेत बसून दोर धरणार होता.

दुपारपर्यंत जुन्या टाक्या परत येतील, तेवढं थांबा, असं वहिनी म्हणाल्या. उस्ताद थांबणार नव्हते. मग वहिनींनी काही न बोलता नव्या टाकीच्या पट्ट्याला शिशाचे तुकडे तारेने घट्ट बांधले. तीन किलो. उस्तादांनी ते पाहिलं, खुंटीवरची पकड घेतली आणि तारा एकेक करून तोडल्या. शिसं फरशीवर पडत गेलं.

"शिसं नवशिक्यांना लागतं," ते म्हणाले.

"आज बांधा. माझ्यासाठी नको, कामासाठी बांधा."

"तुझ्यासाठी मी काही करेन असं तुला वाटलं तरी कसं?"

काटक्या दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं आणि टाकी उचलून नावेकडे नेली.

पुढचं काटक्यानेच सांगितलं, म्हणजे जेवढं सांगितलं तेवढं. तळाशी काम नीट झालं. हत्यारांची जड पिशवी हातात होती तोवर उस्तादही खाली राहिले. मग त्यांनी पिशवी दोराला बांधून वर पाठवली आणि स्वतः वर यायला लागले. पहिल्या थांब्याशी दोर धरून थांबायचं होतं. लाटेने दोर सुटला. टाकी जवळजवळ संपलेली, अंगातला रबरी सूट वर येताना फुगत चाललेला, कमरेला शिसं नाही. ते बुचासारखे वर आले. पुन्हा खाली जायला त्यांनी पाय मारले, पण टाकीत हवा नव्हती आणि अंग बुडेना. नावेत ओढून घेतलं तेव्हा ते हसत होते. काही होत नाही, म्हणाले. धक्क्यावर पाय ठेवायला गेले आणि पाय नव्हतेच जणू.

हवेचा दाब वाढवायच्या बंद खोलीत घालून डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. कमरेखालचा भाग गेला तो गेला.

रुग्णालयात उस्तादांचा धाकटा भाऊ आला. तो वहिनींचा दीर, स्वतःची एक छोटी नाव चालवणारा, अधूनमधून पाण्यात उतरणारा. मागोमाग वेल्डर आणि बाकीचे आले. दिराने विचारलं, दादा, झालं कसं हे? वहिनी खाटेच्या पायथ्याशी भांडं हातात घेऊन उभ्या होत्या.

उस्ताद छताकडे बघत होते. ज्यांना पोहायला शिकवलं, बुडायला शिकवलं, ती सगळी माणसं खाटेभोवती उभी होती. आपल्याच हाताने तारा तोडल्या हे त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे उस्तादपणच उतरवून ठेवायचं.

"मी एक जुनी टाकी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगितली होती," ते म्हणाले. "हिने नवी लावली. न सांगता."

"अहो, काय बोलताय?" वहिनी म्हणाल्या. उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

सगळे वहिनींकडे बघायला लागले. आणि त्यांना ते पटलं. एका क्षणात पटलं, कारण इतकी वर्षं आपण काय काय हसलो ते प्रत्येकाला आठवत होतं. या बाईच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असं मनातल्या मनात प्रत्येकाला वाटून गेलं. वहिनींनी काटक्याकडे पाहिलं. तू सांग ना, तू होतास, असं त्या दोनदा म्हणाल्या. काटक्याने चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं की तो नावेत होता, त्याला काही माहीत नाही. उस्ताद उद्या बरे होतील की नाही हे कुणाला माहीत नव्हतं, आणि काटक्याला उद्याही काम हवं होतं.

त्यानंतर वहिनींनी कुणालाच काही सांगितलं नाही.

उस्तादांना घरी आणून वरच्या खोलीत निजवलं. कामं तर थांबवता येत नव्हती, म्हणून वहिनींनी दुकान उघडलं. पाणबुडे आले, कारण दुसरीकडे हवा भरायची सोय नव्हती. पण आता ते टाकी हातात घेतली की तिचा खांदा बघत, बूड चाचपत, काटा लावून दोनदोनदा दाब बघत. आत येताना दाराशी थबकत. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टाक्या थोडी हवा शिल्लक ठेवून परत यायला लागल्या, धुऊन पुसून यायला लागल्या. जे सांगता सांगता वहिनींची जीभ झिजली होती ते न सांगता व्हायला लागलं. हे कशाने होतंय ते त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ही माणसं त्यांना घाबरत होती.

एक दिवस वेल्डर टाकी न्यायला आला. वहिनींनी ती त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "नीट तपासून घे."

वेल्डरच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, तेव्हाची ती गंमत होती हो."

"कसली गंमत?"

"आपली... उस्ताद म्हणायचे ती."

"काय म्हणायचे? मला आठवत नाही. सांग."

दुकानात आणखी चौघे होते. वेल्डर इकडे तिकडे बघायला लागला. वहिनी स्टुलावर शांत बसून होत्या, त्यांचा एक हात कॉम्प्रेसरच्या बटणावर होता. शेवटी तो पुटपुटला, ही रिकामी असली तरी बुडते. मोठ्याने सांग, त्या म्हणाल्या. त्याने मोठ्याने सांगितलं. मग चालून दाखव, तू चालून दाखवायचास ना. त्याने गाल फुगवले, पाय फाकवले आणि हौदापासून दारापर्यंत तसा चालत गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणी हसलं नाही. वहिनींनी बटण दाबलं आणि दुसरी टाकी भरायला लावली. त्या दिवशी त्यांना जेवण फार गोड लागलं.

दिराची नजर दुकानावर होती. बाईमाणसाने हे कशाला बघायचं, मी बघतो, असं तो म्हणाला.

"बघा की, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "टाक्या तेवढ्या मी भरत जाईन. सगळ्यांच्या. तुमचीसुद्धा."

दीर चहा अर्धा टाकून उठला. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

काटक्यासाठी वहिनींनी वेगळं काम ठेवलं होतं. रोज सकाळी त्याने वर जाऊन उस्तादांना कुशीवर वळवायचं, घाण काढायची, पाणी आणून अंग पुसायचं. हे पाणबुड्याचं काम नव्हे, असं तो एकदा कुरकुरला. तू नावेत होतास ना, तुला काही माहीत नाही ना, मग हे शिकून घे, असं वहिनी म्हणाल्या. तो करत राहिला.

उस्तादांच्या उशाशी एक घंटी ठेवली होती. सुरुवातीला ती वाजली की वहिनी धावत जिना चढत. मग हातातली टाकी संपवून जाऊ लागल्या. मग हौदातल्या सगळ्या टाक्या भरून झाल्यावर. घंटी दुपारभर वाजत राहायची आणि कॉम्प्रेसर तिच्यावर घरघरत राहायचा. पडून पडून उस्तादांच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी वळवायला हवं. वहिनी हो म्हणाल्या. डॉक्टर खाली उतरून रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या मनात तसं करायचंही होतं.

या सगळ्यात चमत्कारिक गोष्ट उस्तादांची झाली. तो खोटा आरोप इतक्या जणांनी इतक्या वेळा त्यांच्यासमोर उगाळला की त्यांचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसायला लागला. वहिनींनी पेला पुढे केला की ते आधी वहिनींनाच प्यायला लावत. आठवड्यातून एकदा त्यांना टबात बसवून आंघोळ घालावी लागे. तेव्हा त्यांचे वाळून काटकुळे झालेले पाय पाण्यावर तरंगायचे, आणि वहिनींनी ते खाली दाबले की उस्ताद दोन्ही हातांनी टबाच्या कडा गच्च धरून ठेवायचे. एकदा वहिनींनी मानेखालचा हात काढून घेतला. फार वेळ नाही. उस्तादांचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, त्यांना ठसका लागला. साबण निसटला, असं त्या म्हणाल्या. काटक्या बादली घेऊन शेजारी उभा होता. साबण खिडकीत होता.

मग एका सकाळी दीर पुन्हा आला. दादांना मी माझ्या घरी नेतो, असं तो म्हणाला, पण दारातूनच म्हणाला, आणि लगेच पुढे हेही म्हणाला की बायको जरा आजारी असते, जिना अवघड आहे, तेव्हा आत्ताच नाही, बघू. उस्ताद त्याच्या तोंडाकडे बघत होते. हा आपल्याला कधीच नेणार नाही हे त्यांना कळलं. म्हणजे उरलं हेच घर आणि हीच बाई. वेल्डर आणि आणखी दोघे टाक्या न्यायला आले होते, तेही दिरामागून वर आले होते. वहिनी कोपऱ्यात एक तोटी उघडून फडक्याने पुसत होत्या.

"माझं ऐका," उस्ताद म्हणाले. आवाज चिरकत होता. "तिने टाकी बदलली नाही. तिने मला सांगितलं होतं. शिसंसुद्धा बांधलं होतं, मीच ते तोडलं. काटक्याला विचारा. मी खोटं बोललो."

बोलून झाल्यावर त्यांनी वहिनींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आता तरी हिचा हात मऊ होईल, अशी आशा त्या नजरेत होती.

खोलीतल्या कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. दिराने मान खाली घातली. बिचाऱ्याला हिच्याच हातचं खायचंय, तो दुसरं काय बोलणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आणि वहिनींना ते वाचता आलं. एक शब्द बोलायचा होता. हे खरं बोलतायत, एवढंच. काटक्या दाराशी होता. त्याने तोंड उघडलं. वहिनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

"त्यांना पडू द्या आता," वहिनी म्हणाल्या. "हल्ली काहीही बोलतात."

त्या दिवसानंतर उस्तादांनी घंटी वाजवली नाही. बोलणंही जवळजवळ थांबवलं. वर्षभर ते तसेच पडून होते आणि थंडीच्या दिवसांत छातीत कफ भरून गेले. वहिनी तेव्हा खाली होत्या. काटक्याने जिन्यातून येऊन सांगितलं. त्यांनी चालू असलेली टाकी भरून पुरी केली, तोटी बंद केली आणि मग वर गेल्या. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल असंही वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. एकच गोष्ट डोक्यात घुमत राहिली: आपण ते केलं नाही हे या माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तो गेला.

काही दिवसांनी काटक्याने सांगितलं की त्याला जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीवर काम मिळालंय. पाण्यात उतरायचं नाही, वरचंच काम. तो दुकानाची किल्ली द्यायला आला तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वहिनींनी किल्ली घेतली नाही.

"काटक्या, त्या दिवशी शिसं मी बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "तुला आठवतंय ना?"

काटक्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "कुठलं शिसं, वहिनी?"

"अरे, तारेने बांधलेलं. त्यांनी पकडीने तोडलं. तू इथेच दारात उभा होतास."

"मला नाही आठवत."

"असं काय करतोस? मी कुणाला सांग म्हणत नाही. मला सांग. फक्त मला."

काटक्या वहिनींकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही आता नव्हती.

"उस्ताद सांगत होते तेव्हा तुम्हीच म्हणालात, काहीही बोलतात," तो म्हणाला. "मग तसंच असेल."

त्याने किल्ली हौदाच्या कठड्यावर ठेवली आणि तो निघून गेला. वहिनींनी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून म्हणायचं काय ते सुचलं नाही. बाहेर वेल्डर संपलेली टाकी खांद्यावर घेऊन उभा होता. बोलावल्याशिवाय आत यायची त्याची छाती नव्हती. वहिनींनी त्याला ये म्हटलं. तो आला, टाकी हळूच खाली ठेवली आणि ती भरून होईपर्यंत जमिनीकडे बघत उभा राहिला.